व्हीलचेअर नको, पायरीला पट्टा हवा

गेल्या हिवाळ्यातील प्रसंग आहे. एका अभयारण्याच्या तिकीट खिडकीसमोर मी उभा होतो. अभयारण्याचे नाव सांगत नाही, राज्यही सांगत नाही. कारण तेथील कर्मचारी सज्जन होते आणि जे घडले ते देशात कुठेही घडू शकले असते. मी दिव्यांगत्वाचे ओळखपत्र पुढे केले आणि विचारले की आतील पायवाटेवर पायऱ्या आणि उतार कुठे आहेत ते कोणी समजावून सांगेल का. खिडकीतील गृहस्थांनी ओळखपत्र वाचले, माझ्याकडे पाहिले आणि अदबीने म्हणाले, "सर, व्हीलचेअर है हमारे पास."

मी म्हणालो, माझे पाय शाबूत आहेत, अडचण डोळ्यांची आहे. ते गोंधळले. त्यांनी वरिष्ठांना बोलावले. वरिष्ठांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि नंतर व्हीलचेअरच देऊ केली. दरम्यान फाटकावरच्या पहारेकऱ्याचे माझ्या हातातील पांढऱ्या काठीकडे लक्ष गेले. काठी आत नेता येणार नाही, जनावरे बिथरतात, असे त्याने सांगितले. अखेर काठी फाटकावर ठेवून आणि पत्नीच्या खांद्यावर हात ठेवून मी आत गेलो. तिकिटात मला पूर्ण सूट मिळाली. जिच्या खांद्यावाचून मला एक पाऊल टाकता आले नसते तिला मात्र पूर्ण तिकीट पडले.

मी रागावलो नाही, कारण त्या वरिष्ठांच्या जागी मी स्वतः अनेक वर्षे बसलेलो आहे. माझ्या एका जुन्या नेमणुकीच्या ठिकाणी 'सुगम भारत अभियाना'खाली इमारतीची तपासणी झाली होती. हे अभियान ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाले. त्या वेळी माझ्यासमोर एक छापील नमुना आला. उतरता मार्ग आहे काय? आहे. प्रसाधनगृह आहे काय? आहे. व्हीलचेअर आहे काय? आहे, एक. मी सही केली. त्याच इमारतीच्या जिन्याला सर्व पायऱ्या एकाच करड्या रंगाच्या होत्या आणि शेवटची पायरी कुठे संपते हे संध्याकाळी कोणालाच नीट दिसत नसे. तो प्रश्न नमुन्यात असता तरी मी त्याच्याकडे किती लक्ष दिले असते, सांगता येत नाही. पुढे दोन वर्षांनी त्याच जिन्यावरून मी पडलो. प्रमाणपत्रावर सही माझीच होती.

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक विकार आहे. यात अंधुक प्रकाशात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशी आधी निकामी होतात. प्रथम रातांधळेपणा येतो, मग दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आकसत जाते आणि मधली दृष्टी बराच काळ टिकून राहू शकते. याचा व्यवहारातील अर्थ असा की फाइलवरचे बारीक टिपण मी वाचू शकतो, पण टेबलाशेजारी ठेवलेले स्टूल मला दिसत नाही. त्यामुळे 'साहेबांना हवे तेव्हा दिसते' अशी कुजबुज मी ऐकलेली आहे. पूर्ण अंध माणसाबद्दल आपल्या समाजाला दया वाटते, पूर्ण डोळस माणसाशी तो बरोबरीने वागतो. यांच्या मध्ये असलेल्या माणसावर तो संशय घेतो.

कायद्याने मात्र या मधल्या माणसाला ओळखले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत अल्पदृष्टीची व्याख्या आकड्यांत आहे: शक्य ते सर्व उपाय करूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी आणि १० अंशांपर्यंत. यापूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात आकडे नव्हते. तेथे अल्पदृष्टी असलेली व्यक्ती म्हणजे उपचारानंतरही दृष्टीत दोष राहिलेली, पण योग्य साधनाच्या मदतीने काम करण्यासाठी दृष्टी वापरणारी किंवा वापरू शकेल अशी व्यक्ती, असे म्हटले होते. दाखला देण्यासाठी नवी व्याख्या सोयीची आहे हे मान्य. पण जुन्या व्याख्येत त्या माणसाला काय करता येईल याचा विचार होता, म्हणून मला ती अधिक आवडते.

आता पक्ष्यांकडे येतो.

झाशीला माझी बदली झाली तेव्हा दुर्बीण कपाटात गेली होती. दुर्बिणीतून मुळातच आभाळाचा सात-आठ अंशांचा तुकडा दिसतो. माझ्यासारख्याने ती लावली की एका नळीच्या टोकाला दुसरी नळी जोडल्यासारखे होते. फांदी सापडेपर्यंत पक्षी उडालेला असतो. (ज्यांची मधली दृष्टी गेली आहे आणि कडेची शाबूत आहे, त्यांना हीच दुर्बीण फार उपयोगी पडू शकते. 'अल्पदृष्टी' या एका शब्दाखाली परस्परविरुद्ध गरजा असलेली माणसे येतात, हे नमुने तयार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) वीस वर्षांचा छंद संपला असे मी धरून चाललो होतो.

तो परत मिळाला बरुआसागरला. झाशीपासून खजुराहोच्या रस्त्यावर सुमारे चोवीस किलोमीटरवर हे गाव आहे. ओरछ्याचा राजा उदित सिंह याने बांधलेल्या बंधाऱ्यामागे तेथे मोठा तलाव आहे. मराठे आणि बुंदेले यांची १७४४ साली लढाई झाली ती याच परिसरात, त्यामुळे इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसाला हे नाव परके वाटू नये. तेथे एक वयस्क नावाडी भेटला. माझ्या हातातील काठी पाहून त्याने काही विचारले नाही. नाव पाण्यात ढकलली आणि तो बोलू लागला. "बाएँ हाथ पे, दो बाँस दूर, पानी से लगा हुआ, पंख सुखा रहा है." पाणकावळा. "अब सिर के ऊपर से जाएगा, सुनिए." पंखांचा शिट्टीसारखा आवाज डोक्यावरून गेला. दिशा, अंतर, उंची, हालचाल, याच क्रमाने तो प्रत्येक पक्षी सांगत होता. कोणत्याही प्रशिक्षण संस्थेत तो गेलेला नव्हता. मी जेथे नजर लावायला सांगितले जाई तेथेच नजर लावत होतो आणि त्या सकाळी मला नऊ जातींचे पक्षी खरोखर दिसले. ऐकू आलेले वेगळे.

परत येताना मी विचार करू लागलो की आपण या छंदाला 'पक्षिनिरीक्षण' का म्हणतो? निरीक्षण म्हणजे पाहणे. इंग्रजीतही शब्द पाहण्याचाच आहे आणि आपला बहुधा त्यावरूनच घडवला असावा. पण आपल्या लोकांनी पक्ष्यांना ओळखले ते मुख्यतः कानांनी. तांबट पक्ष्याला तांबट म्हणतात ते तो तांब्याच्या भांड्यावर ठोके दिल्यासारखा टुक टुक आवाज करतो म्हणून. ज्याने हे नाव ठेवले त्याला पोपटापेक्षा लहान असा तो हिरवा पक्षी हिरव्या पानांत दिसला असेलच असे नाही. टिटवीचे नाव तिच्या ओरडण्यातून आले. पावशा मृगाच्या आधी 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे सांगतो, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. तोच पक्षी इकडे बुंदेलखंडात पपीहा होतो आणि 'पी कहाँ' असे विचारतो. झाशीतल्या एका जुन्या मराठी घरात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. घराण्याला येथे येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना फारसे दिसत नाही. सर्व गल्लीला 'पी कहाँ' ऐकू येते. त्यांना एकट्यांना आजही 'पेरते व्हा' ऐकू येते. शेत तर कधीच राहिले नाही.

कोकिळेचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. तिचा आवाज ओळखत नाही असा भारतीय विरळा, आणि तो पक्षी नीट पाहिलेला भारतीयही तितकाच विरळा. गातो तो नर, तरी साहित्यात आपण शतकानुशतके मादीलाच गायला लावले. ही चूक न पाहण्यातून झाली हे मी मान्य करतो. कान सर्व काही सांगतात असा माझा दावा नाही. एवढेच म्हणायचे आहे की न पाहता जडलेला जिव्हाळाही खरा असतो.

मारुती चितमपल्ली यांचे २०२५ च्या जूनमध्ये निधन झाले. वनखात्यातील नोकरी सांभाळून त्यांनी जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे आणि माहिती गोळा केली आणि 'पक्षिकोश' लिहिला. सरकारी अधिकारी आपल्या खात्याच्या विषयाकडे कसा पाहू शकतो याचे ते उदाहरण आहे. पण त्यांच्यानंतर खात्यांच्या कल्पनेत पक्षी म्हणजे प्रवेशद्वारावरचे रंगवलेले चित्र, सिमेंटचा पुतळा आणि सेल्फी काढण्याची जागा एवढेच उरले आहे की काय अशी शंका येते. पर्यटनासाठी निधी आला की निरीक्षण मनोरा बांधला जातो. मनोऱ्याला लोखंडी उभा जिना असतो. वर गेल्यावर दूरचे दिसते. ज्याला जवळचेही दिसत नाही, ज्याला चढता येत नाही, ज्याला उंचीची भीती वाटते, त्या सर्वांना त्या निधीतून शून्य मिळाले. मनोरा बांधायला अंदाजपत्रक करता येते, निविदा काढता येते, उद्घाटनाची फीत कापता येते. नावाड्याला बोलते करायला यांतील काही लागत नाही, म्हणून ते कोणाच्या आराखड्यात येत नाही.

केवळ खात्यांना दोष देऊन मी सुटू इच्छित नाही. आम्ही पक्षिनिरीक्षक मंडळीही यात सहभागी आहोत. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाल्यापासून छंदाचे चलन बदलले. पूर्वी सहलीहून परतलेल्या माणसाला 'काय आढळले?' असे विचारत. आता 'फोटो आहे का?' असे विचारतात. फोटो नाही म्हणजे पक्षी नाही. मी एकदा एका सहलीच्या शेवटी माझी यादी वाचली आणि म्हणालो की रातवा ऐकला. एक तरुण सहकारी हसून म्हणाला, "सर, ऐकलेले धरायचे का?" शास्त्रज्ञ धरतात, हे त्याला ठाऊक नव्हते. जंगलातील पक्षिगणनेत पाहिलेले आणि ऐकलेले दोन्ही पक्षी नोंदवतात. दाट झाडीत तर ऐकलेल्यांचाच भरणा अधिक असतो. ई-बर्डच्या यादीतही केवळ ऐकलेला पक्षी नोंदवता येतो. अठराव्या शतकात इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट या पाद्रीबुवांनी दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या तीन पर्णवटवट्यांना वेगळे काढले ते त्यांच्या गाण्यावरून. आणि रातव्याचेच म्हणाल तर, पाचोळ्याच्या रंगाचा हा निशाचर पक्षी समोर बसलेला असला तरी उत्तम दृष्टीच्या माणसाला दिसत नाही. फरशीवर सोडलेली काचेची गोटी उसळत उसळत थांबावी तसा त्याचा आवाज येतो, तेव्हाच तो आहे हे कळते. रातव्यापुढे आम्ही सारे अल्पदृष्टीच.

तंत्रज्ञानाने २०२१ पासून एक मोठी गोष्ट केली. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने मर्लिन या मोफत ॲपमध्ये आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय दिली. आता त्यात भारतातील पुष्कळ पक्षीही आहेत. मी ते वापरतो आणि फोन मला पडद्यावरचे नाव वाचून दाखवतो. ते चुकते, विशेषतः कोतवालासारखा नकलाकार समोर असला म्हणजे. तरी शिकायला उत्तम. मात्र एक पथ्य सांगितले पाहिजे. ध्वनिमुद्रित आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची प्रथा काही मार्गदर्शकांत आहे. आमच्यासारख्यांच्या सोयीच्या नावाखाली ती वाढू नये. विणीच्या काळात पक्षी परका प्रतिस्पर्धी आला असे समजून घरटे सोडून धावतो. त्या किमतीला मिळालेली सुगमता मला नको.

आता कायद्यात काय आहे ते पाहू. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. त्याचे ३० वे कलम सांस्कृतिक जीवन, मनोरंजन, विरंगुळा आणि खेळ यांविषयी आहे. आपल्या २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आला. मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रम यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि मनोरंजनात सहभागी होता यावे म्हणून साहाय्यक साधने विकसित करण्याचाही आहे. म्हणजे कायदा अपुरा आहे असे कोणी म्हणू नये. अडचण त्याच्या खालच्या पायरीवर, नियमांत होती. राजीव रतुडी या दृष्टिबाधित गृहस्थांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी म्हटले की सुगमतेविषयीचा नियम १५ हा केवळ शिफारशींच्या स्वरूपाचा आहे आणि मूळ कायद्याला बंधनकारक मानके अपेक्षित असल्यामुळे तो कायद्याशी विसंगत आहे. किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरवावीत असा आदेश दिला गेला. एकोणीस वर्षे चाललेल्या एका याचिकेतून आपल्याला कळले की 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांत फरक असतो. खरे तर हे आम्हा मसुदे लिहिणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. अंमलबजावणी टाळायची असेल तेथे आम्ही 'शक्यतो' हा शब्द घालतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या विषयात अमर्त्य सेन यांचा एक मुद्दा फार उपयोगी वाटतो. 'द आयडिया ऑफ जस्टिस' (२००९) या ग्रंथात त्यांनी दिव्यांगत्वाच्या दोन अडचणी वेगळ्या केल्या आहेत. एक, मिळकत कमी होण्याची. दुसरी, असलेल्या पैशाचे चांगल्या जगण्यात रूपांतर करण्याची. तेवढेच उत्पन्न असले तरी दिव्यांग माणसाला त्यातून कमी मिळते, कारण तेच साध्य करायला त्याला अधिक खर्चावे लागते किंवा ते साध्यच होत नाही. आपली सवलतींची सारी यंत्रणा पहिल्या अडचणीभोवती उभी आहे. प्रवासात सूट, तिकिटात सूट, करात सूट. माझ्या अभयारण्याच्या भेटीत अडचण पन्नास-शंभर रुपयांची नव्हतीच. त्यांनी मला दुप्पट तिकीट लावून एक बोलका मार्गदर्शक दिला असता तर मी आनंदाने दिले असते. माझी काठी माझ्या हातात राहू दिली असती तर काहीच खर्च नव्हता.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतील दोन मी बैठकांतून स्वतः ऐकले आहेत. पहिला असा की असे लोक आहेत किती? अभयारण्यात दृष्टिबाधित पर्यटक येतच नाहीत. ज्या गावात शाळा नाही तेथे हजेरीपटावर शून्य विद्यार्थी असतात, त्यावरून तेथे मुले नाहीत असा निष्कर्ष कोणी काढत नाही. आणि मोजण्याविषयी बोलायचे तर २००१ च्या जनगणनेत दृष्टीविषयक दिव्यांग सुमारे १ कोटी ६ लाख होते. २०११ मध्ये ते सुमारे ५० लाख भरले. दहा वर्षांत अर्ध्याहून अधिक लोकांना दिसू लागले असे झाले नाही. प्रश्न आणि व्याख्या बदलल्या. पूर्वी एका डोळ्याने नीट दिसणाऱ्यालाही त्यात धरत, नंतर धरले नाही. तेव्हा मोजणी कशी केली हे विचारल्याशिवाय संख्येचा आधार घेऊ नये. शिवाय काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला पडदा, उतारवयात झिजलेला मध्यबिंदू यांनी गांजलेली जी माणसे कधी दाखला काढायलाच जात नाहीत त्यांचे काय? महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे आईवडील आहेत. ते गाव सोडून मुलांकडे आले आहेत, बाल्कनीत बसतात, त्यांना वाचता येत नाही, टीव्ही नीट दिसत नाही, आणि समोरच्या झाडावर बोलणारा परका पक्षी कोणता हे सांगणारे कोणी नाही. त्यांची नोंद कोणत्याही तिकीट खिडकीवर होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अभयारण्य प्राण्यांसाठी असते, माणसाच्या सोयीसाठी नाही. सोयी वाढल्या की गर्दी वाढते. हा आक्षेप मनोऱ्याला, रिसॉर्टला आणि सेल्फीच्या जागेला लागू पडतो. मला हवी असलेली सर्वांत मोठी सोय शांतता ही आहे, आणि ती पक्ष्यालाही हवी आहे. छायाचित्रकाराला धुके जसे, तसा मला हॉर्न. एक ट्रक गेला की पुढची दोन मिनिटे माझ्यापुरती आंधळी होतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे, आणि असे क्षेत्र अधिसूचित करण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. आपण तो रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्यापलीकडे फारसा वापरत नाही. एखाद्या पाणथळीभोवती, हिवाळ्याच्या चार महिन्यांत, सकाळचे दोन तास तो का वापरू नये? ज्या पहाटेच्या वेळी पक्षी सर्वाधिक बोलतात, ती माझ्या डोळ्यांसाठी दिवसातील सर्वांत वाईट वेळ आहे आणि कानांसाठी सर्वांत चांगली.

झाशीचा परिसर या दृष्टीने भाग्यवान आहे हे येथे सांगितले पाहिजे. सारस हा उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी माणसाएवढा उंच असतो, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, आणि जोडीने तुतारी फुंकल्यासारखा ओरडतो. शेतात उभी असलेली जोडी मला काठीवाचून सापडते. बेतवेवरच्या परीछा बंधाऱ्याच्या पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाक येतात. लांबचे बदक माझ्या नशिबात नाही, पण चक्रवाकाची आर्त हाक पाण्यावरून पुष्कळ लांब येते. ओरछ्याला बेतवेच्या काठी बुंदेल्या राजांच्या छत्र्या आहेत, त्यांच्या शिखरांवर गिधाडे घरटी करतात. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे गिधाडे देशभर संपत आली होती. २००६ मध्ये त्या वापरावर बंदी आली. गिधाड जवळजवळ मुके असते, कानांना त्याचा उपयोग नाही. पण पसरलेले पंख दोन मीटरच्या घरात जातात, आणि ते सावकाश, एकाच वर्तुळात फिरते. संध्याकाळच्या उजळ आकाशावर मी ते माझ्या नळीत धरून ठेवू शकतो. एका नोव्हेंबरच्या संध्याकाळी असे एक गिधाड मी कितीतरी वेळ पाहत होतो. पत्नी म्हणाली, "पुरे आता, मान दुखेल." कोणता पक्षी मोठा, कोणता बोलका, कोणता संथ, कोणता जवळ येऊ देणारा, अशी प्रत्येक ठिकाणची यादी स्थानिक माणसाला अर्ध्या तासात सांगता येते. मी अद्याप कोणत्याही अभयारण्याच्या माहितीपत्रकात अशी यादी पाहिलेली नाही. माहितीपत्रकाचा टाइप इतका बारीक असतो की ती असली तरी ज्याच्यासाठी आहे त्याला वाचता येणार नाही.

जी कामे करायला हवीत ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो, इतकी ती क्षुल्लक आहेत. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा. पायवाटेच्या एका बाजूस कमरेच्या उंचीचा दोर, आणि जेथे थांबून ऐकावे तेथे त्या दोराला एक गाठ. काळ्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांच्या पाट्या, त्याही डोळ्यांच्या उंचीवर, झाडाच्या शेंड्याला नव्हे. रस्त्यापासून दूर एक बाक. पांढरी काठी आत नेऊ द्यावी असा एक ओळीचा आदेश. सोबत्याला विनाशुल्क प्रवेश. मार्गदर्शकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण, ज्यात 'ते बघा, तिकडे' हे शब्द विसरायला लावावेत. 'तिकडे' हा शब्द बोट दिसणाऱ्यांसाठी आहे. दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगावी, अंतर पावलांत, उंची माणसाच्या मापात. प्रशिक्षक म्हणून बरुआसागरच्या नावाड्याला बोलवावे आणि त्याला इतर व्याख्यात्यांइतकेच मानधन द्यावे. शेवटची अट लेखाविभाग मान्य करणार नाही, कारण त्याच्याकडे पदवी नाही.

अपंग, विकलांग, दिव्यांग असे शब्द बदलत आम्ही इथपर्यंत आलो. २०१६ मध्ये केंद्रातील विभागाच्या हिंदी नावातही 'दिव्यांगजन' हा शब्द आला. शब्द आदराचा आहे, माझी तक्रार नाही. पण शब्द बदलणे हे असे प्रशासकीय काम आहे की ज्यात कुदळ-फावडे लागत नाही, आणि म्हणून ते आमच्याकडून लवकर होते.

माझ्या स्वतःच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आहे, ती येथे लपवू नये. पन्नाशी उलटल्यावर कानांचे वरचे स्वर कमी होऊ लागतात. शिंजिराचा बारीक चिवचिवाट मला दोन वर्षांपूर्वी जितका स्पष्ट ऐकू येई तितका आता येत नाही. मर्लिन त्याचे नाव सांगते आणि मला काहीच ऐकू आलेले नसते. त्यामुळे घाई आहे.

वर उल्लेखलेल्या अभयारण्याच्या कार्यालयाला मी एक नागरिक म्हणून पत्र लिहिले. पदाचा उल्लेख मुद्दाम टाळला. पायऱ्यांचे पट्टे, काठीची परवानगी आणि सोबत्याचा प्रवेश, एवढ्या तीनच विनंत्या होत्या. चार महिन्यांनी उत्तर आले. उत्तर आले याचेच मला कौतुक वाटले. त्यात लिहिले होते की आपल्या सूचनेची सहानुभूतिपूर्वक दखल घेण्यात आली असून दिव्यांग पर्यटकांच्या सोयीसाठी व्हीलचेअरची संख्या एकवरून दोन करण्यात आली आहे.

मी दुसरे पत्र टाकले आहे. या खेपेस सोबत अर्धा लिटर पिवळ्या रंगाच्या डब्याची दुकानाची पावती जोडली आहे, म्हणजे अंदाजपत्रकाचा प्रश्न उरू नये.